पाळीतल्या कळा : शेक किती, सुंठ किती

प्रश्न : हिंगणा रोडला हॉस्टेलमध्ये राहते, वय १९. पाळीच्या पहिल्या दिवशी रात्रभर गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवते, तरी दुखतं. आता पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेत.

डाग शेकाचेच दिसतात. एकाच जागी वारंवार उष्णता लागली की ते येतात. शेक थांबवला की बहुधा हळूहळू फिके होतात. तोवर कंबरेला खालच्या बाजूने शेका.

पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं सुटतात. त्यांनी गर्भाशयाचा स्नायू आवळतो, त्याला रक्त कमी पोहोचतं आणि कळ येते. स्नायू सैल पडायला ४० अंशांच्या आसपासची ऊब पुरते, चटक्याची गरज नसते. उकळतं पाणी थेट पिशवीत ओतू नका. रबर लवकर जातं, पिशवी फुटली तर भाजतं. उकळत्यात तेवढंच नळाचं पाणी मिसळा. मे महिन्यात मात्र नागपुरात टाकीचं पाणीच तापलेलं असतं, तेव्हा माठातलं घ्या. पिशवी दोन-तृतीयांश भरायची, आडवी धरून हवा दाबून काढायची, मगच झाकण लावायचं. हवा राहिली की ती फुगते आणि अंगाला नीट बसत नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून २० मिनिटं शेका, मग काढून ठेवा. पिशवी घेऊन झोपायचं नाही. पोट जड वाटायला लागलं की लगेच शेकायला घ्या, कळा शिगेला पोहोचायची वाट बघू नका.

प्रश्न : सासूबाई सुंठीचा काढा देतात. किती घ्यावा? आणि संत्री खरंच बंद करायची का?

सासूबाईंचं बरोबर आहे. दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास सुंठ घेऊन दुखणं कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे पाव लहान चमचा, दिवसातून तीनदा, पहिले तीन दिवस. अर्धा कप पाण्यात पाच मिनिटं उकळा, हवा तर गूळ घाला. उपाशीपोटी घेतला तर छातीत जळजळते, म्हणून खाल्ल्यावर घ्या. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. ओव्याने गॅस कमी होतो. कळांवर सुंठीइतका भरवसा नाही.

संत्री खुशाल खा. आंबटाने कळा वाढत नाहीत. सावजीचा रस्सा खाऊन पोट बिघडलं तर तो दोष मसाल्याचा, पाळीचा नव्हे!

प्रश्न : दुखण्याच्या गोळीची सवय लागते का?

नाही. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात, म्हणून उशिरा घेतलेली गोळी फिकी पडते. खाऊन घ्या, भरपूर पाणी प्या. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : मुलीला सिकलसेल (एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला रक्ताचा आजार) आहे. पाळीत पोटाबरोबर हातपायही ठणकतात.

विदर्भात हा प्रश्न नेहमीचा आहे. हातपाय, पाठ ठणकणं ही सिकलसेलची कळ असू शकते. पाळीच्या दिवसांत काहींना ती येते. तिला दिवसभर थोडं थोडं पाणी द्या, कूलरच्या थेट झोतात झोपवू नका. बर्फाने शेकायचं नाही, कोमट शेक चालेल. वरच्या गोळ्या मनाने देऊ नका, सिकलसेलमध्ये किडनी आधीच नाजूक असते. ताप आला, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर काढा-शेक सोडून तडक मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : वय ३४. पूर्वी त्रास नव्हता, दोन वर्षांपासून दर महिन्याला वाढतोय. सोनोग्राफी नॉर्मल आहे.

ताई, हे घरी काढायचं दुखणं नाही. साधी पाळीची कळ बहुधा पाळी सुरू झाल्यावर वर्षा-दोन वर्षांतच सुरू होते. तिशीनंतर नव्याने आलेल्या आणि वाढत जाणाऱ्या दुखण्यामागे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं), ॲडिनोमायोसिस (ते अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत वाढणं) किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) असू शकतं. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाहीच असं ठरत नाही. शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखतं का, तासाभरात पॅड भिजतं का, हे लिहून ठेवा आणि तो कागद घेऊनच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.