वीस तासांत न धरलेले तास

प्रश्न : मुलीला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या (एनसीएए या कॉलेज-खेळांच्या नियामक संस्थेची डिव्हिजन वन, म्हणजे सर्वांत वरची श्रेणी) टेनिस संघाकडून शिष्यवृत्तीचा प्रस्ताव आहे. प्रशिक्षक म्हणतात, आठवड्याला २० तासच द्यायचे. त्याच संघातली एक मुलगी म्हणते, श्वास घ्यायला फुरसत नसते. खरं कोणाचं? उरलेल्या वेळात तिला नोकरी करता येईल का?

उत्तर : दोघांचंही खरं. प्रशिक्षक नियमातले तास सांगतात, ती मुलगी घड्याळातले.

एनसीएएचा हा नियम १९९१पासूनचा आहे. हंगामात दिवसाला जास्तीत जास्त ४ आणि आठवड्याला २० तास, शिवाय एक दिवस सुट्टी. हंगाम नसताना आठवड्याला ८ तास आणि दोन सुट्ट्या. मेख आहे ती काय धरायचं यात. कोर्टवरचा सराव, प्रशिक्षकांनी लावलेलं वेट ट्रेनिंग, सक्तीची व्हिडिओ बैठक हे धरतात. प्रवास, दुखऱ्या खांद्यावरचे उपचार, अभ्यासिकेतली सक्तीची हजेरी आणि ‘ऐच्छिक’ व्यायाम धरत नाहीत.

सामन्याचा दिवस तर कितीही लांबला तरी ३ तासांचाच. समजा, शुक्रवारी दुपारी बस निघाली, पाच तास प्रवास. शनिवारी सकाळी ९ला कोर्टवर. वॉर्म-अप, दुहेरी, एकेरी उरकेपर्यंत दुपारचे ३. परतीचे पुन्हा पाच तास. मुलीचे १६ तास गेले, नोंदीत पडले ३! अधिकृत सुट्ट्यांच्या काळात, म्हणजे वर्ग बंद असताना, तासांची मर्यादाच लागू नसते. हे सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

‘ऐच्छिक’ला अटी आहेत : मागणी खेळाडूची हवी, हजेरी प्रशिक्षकांपर्यंत जाता कामा नये, न आल्यास शिक्षा नको. पण संघातली जागा प्रशिक्षकांच्याच हातात, त्यामुळे सगळ्या जणी येतात. कागदावर नियम मोडलेला नसतो.

२०१७च्या सुधारणांनंतर प्रवासाचा दिवस सुट्टी म्हणून दाखवता येत नाही, आणि प्रत्येक संघाला वेळेच्या नियोजनाचा लेखी आराखडा करावा लागतो. सही करण्याआधी तो मागा. सोबत गेल्या हंगामातल्या बाहेरगावच्या सामन्यांची यादी मागून त्यापायी किती वर्ग बुडाले ते विचारा. साध्या सरावासाठी वर्ग बुडवायला परवानगी नाही, म्हणून अडचण विषय निवडताना येते : दुपारच्या प्रयोगशाळा आणि सराव एकाच वेळी आले, की मुलींना विषय बदलण्याचा ‘सल्ला’ मिळतो. विज्ञान किंवा इंजिनीअरिंग घ्यायचं असेल, तर त्याच शाखेत शिकणारी एखादी खेळाडू संघात आहे का, हे जरूर विचारा.

नोकरीचं म्हणाल, तर एफ-१ व्हिसावर (परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा) सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं. पण सत्राला किमान १२ क्रेडिट्स (विषयांचा भार मोजण्याचं एकक) घ्यावेच लागतात आणि एका क्रेडिटमागे वर्ग-अभ्यास मिळून आठवड्याला साधारण ३ तास धरले, तर तेच ३६ झाले. त्यात टेनिस. नोकरीचा विचार हंगामात तरी सोडा.

हौशी खेळाडू म्हणजे कर्मचारी नव्हे, या भूमिकेमुळे जादा तासांचा मोबदला नसे. जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि प्रतिमा वापरलेल्या जाहिरातींतून कमाईची मुभा आली. एनसीएएविरुद्धच्या खटल्यात २०२५मध्ये झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. एफ-१वाल्यांना मात्र यातली बरीच कमाई व्हिसा धोक्यात घालू शकते. परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय एकाही करारावर सही नको.

बहुतेक ठिकाणी आठवड्याच्या तासांच्या नोंदीवर खेळाडूचीही संमती घेतात. फोनवर एक बटण दाबलं, की झालं. रोजच्या वेळा तिने स्वतंत्र लिहून ठेवाव्यात आणि ताडून मगच ते दाबावं.