लसूण पावडर मिक्सरमध्ये फिरवली की गोळा होतो, काय चुकतंय?

तुम्ही म्हणताय, काप दोन दिवस उन्हात ठेवले, वाळलेले दिसत होते, तरी मिक्सरच्या पात्याखाली चिकट गोळा झाला. म्हणजे लसूण वाळलाच नव्हता. ओल्या लसणात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. काप जाड असला तर वरून कडक होतो आणि आत चामट राहतो. एक काप पूर्ण गार होऊ द्या आणि बोटांत धरून मोडा. कटकन तुटला पाहिजे. वाकला तर परत उन्हात.

माझी चूक उलटी होती. घाई म्हणून ओटीजी 150 अंशांवर लावला. रंग सुरेख बदामी, घरभर वास, आणि चव कडूजहर! अर्धा किलो लसूण फेकला. आता 60 अंशांवर ठेवते, दाराच्या फटीत लाटणं अडकवते म्हणजे वाफ बाहेर जाते. पाच-सहा तास लागतात. एअर फ्रायरच्या वाटेला जाऊ नका, पंख्याने हलके काप आत उडतात.

ऊन असेल तर मात्र ओटीजी कशाला? एप्रिल-मेमध्ये दोन-तीन मिलिमीटरचे एकसारखे काप, स्टीलच्या ताटात एकेरी पसरून, वर जुन्या सुती साडीचा तुकडा. संध्याकाळी घरात आणायचे. तीन दिवसांत खडखडीत. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, बुरशी येते. लसूणही चांगला सुकलेला जुना घ्या, मार्चमधला नवा पाणीदार असतो. 2024 मध्ये किलोला चारशे रुपये मोजल्यापासून मी उन्हाळ्यातच वर्षाची पावडर करून ठेवते. एक किलो गड्ड्यांची जेमतेम पाव किलो होते, आणि सोलून सोलून बोटं चुरचुरतात ती वेगळीच.

दळताना काप आणि भांडं दोन्ही गार हवं. थांबत थांबत फिरवा, नाहीतर भांडं तापून पावडर चिकट होते. झाल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. मी एकदा उघडलं आणि संध्याकाळपर्यंत डोळे चोळत बसले. नुसती पावडर काचेच्या छोट्या बाटल्यांत भरा, एक संपली की दुसरी. वाफाळत्या पातेल्यावर बाटली धरून शिंपडलीत की तिचा दगड झालाच समजा. अर्धवट वाळलेले काप तेलात घालून बाहेर ठेवायचा मोह मात्र टाळा. तेलात हवा पोचत नाही आणि ओलावा असला की त्यात घातक विषबाधेचे जंतू वाढू शकतात.

वापरताना पाव चमचा म्हणजे साधारण दोन पाकळ्या. गरम तेलात टाकली तर क्षणात करपते. चमचाभर पाण्यात पाच मिनिटं भिजवून घाला. मंद आचेवर वाळवलेल्या लसणातला उग्र वास तयार करणारा घटक तसाच शाबूत असतो, पाणी लागलं की तो जागा होतो. तीन भाग मीठ, एक भाग पावडर आणि चिमूटभर तिखट केलंत तर मक्याच्या कणसावर, भाजलेल्या शेंगदाण्यांवर मस्त लागतं. वडापावच्या चटणीत मात्र मी ही पावडर कधी घालत नाही. तिथे तेलावर परतलेल्या पाकळ्याच हव्यात, खोबऱ्याबरोबर कुटलेल्या.