सॉफ्टवेअरचा डबा बघून गिऱ्हाईक पैसे काढतं का?

तुम्ही कृषी सेवा केंद्रांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर तयार केलंय. ते छान छापील डब्यात घालून विकावं की नुसती लिंक आणि की (सॉफ्टवेअर चालू करायचा नंबर) पाठवावी, डब्याचा खरेदीवर खरंच काही फरक पडतो का, असं तुम्ही विचारलंय.

माझं लातुरात गंजगोलाईच्या जवळ कॉम्प्युटरचं दुकान आहे. वीसेक वर्षं झाली. मला सॉफ्टवेअर लिहिता येत नाही, विकता येतं, त्यामुळं काउंटरच्या अलीकडून जे दिसलं तेवढंच सांगतो.

फरक पडतो. पण आतला माल ज्याला स्वतःला पारखता येत नाही, त्याच्यावरच. ज्याला येतो, किंवा ज्याच्यासाठी दुसरं कुणी पारखतं, तो डब्याकडं बघतसुद्धा नाही.

सगळ्यात जास्त फरक मी पाहिला तो अभ्यासाच्या सीड्यांच्या दिवसांत. लातूर पॅटर्नचं नाव ऐकून नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबादकडची (आता धाराशिव म्हणायचं) पोरं अकरावीला इथं यायची, अजूनही येतात. पोरगं खोलीवर सोडून झालं की बाप माझ्या दुकानात. फिजिक्सच्या सीडीत चांगलं काय नि वाईट काय हे त्याला कळायचा प्रश्नच नव्हता. तो डबा हातात घेऊन वजन बघायचा आणि विचारायचा, “किती सीड्या हायत ह्यात?”

माझ्याकडं तेव्हा दोन कंपन्यांचे संच होते. एकात आठ सीड्या, साध्या प्लॅस्टिकच्या डबीत. शिकवलेलं नीट, आकृत्या स्वच्छ. दुसऱ्यात वीस सीड्या, विटेएवढा खोका, वर टाय लावलेली हसरी पोरं. मी दोन्ही लावून बघितले होते. एका सीडीत ७०० एमबी मावतं. त्या वीसमधल्या बहुतेक सीड्या दोनशेच्या पुढं जात नव्हत्या. म्हणजे सगळा संच ४.७ जीबीच्या एका डीव्हीडीत आरामात बसला असता. तरी खपायचा तोच. सुरुवातीला मी आठवाल्याची शिफारस करून बघितली. त्यांना वाटायचं, ह्याला त्यात कमिशन जास्त असणार. मग मी बोलायचं सोडलं.

पुढं त्या वीसवाल्या कंपनीला शहाणपण सुचलं आणि तिनं तोच मजकूर खरंच एका डीव्हीडीत आणला. किंमत तीच. अहमदपूरकडचे एक मामा डबी उलटीपालटी करून म्हणाले, “वीस होत्या म्हणं. बाकीच्या एकोणीस काढून घेतल्या व्हय?” त्या वर्षी माझ्याकडचा निम्मा माल परत गेला.

अँटीव्हायरसचंही तसंच. डब्यात खरं म्हटलं तर एक सीडी आणि खरवडायची की, बाकी पुठ्ठा आणि हवा. पण गिऱ्हाईक तो बिस्किटाच्या पुड्यासारखा तपासतं: एमआरपी किती, देता कितीला, महिना कुठला. पॅकबंद मालावर एमआरपी आणि महिना-साल छापावं लागतं, त्याची डोळ्याला सवय आहे. अँटीव्हायरसचं वर्ष शक्यतो ॲक्टिव्हेट केल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळं सहा महिन्यांपूर्वीच्या डब्यानं त्याचं काही बिघडत नाही. हे मी हजार वेळा सांगितलं असेल. “तरी पण ताजा द्या की.”

मग कंपन्यांनी डबे बारीक केले, नंतर नुसतं कार्ड, आता की व्हॉट्सॲपवर जाते. आणि घासाघीस वाढली. डबा हातात असला की माणूस छापील किमतीवरून खाली यायचा; मेसेज दाखवला की शून्यापासून वर चढतो. “नंबरच तर पाठवायलाय भैया, तुझं काय जायलंय?” माझ्या काचेच्या कपाटात म्हणून अजून रिकामे डबे उभे आहेत. की मोबाइलवर घेऊनही डबा मागून नेणारे भेटतात.

आता उलटी बाजू. मार्केट यार्डातले अडते, डाळमिलवाले. २०१७ च्या जुलैत जीएसटी लागला तेव्हा दुकानासमोर रांगा होत्या. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डबा कसा दिसतो हे त्यातल्या एकानंही विचारलं नाही. सीए जे वापरतो आणि मुनीमाला जे येतं, ते पाहिजे. बस. तिथं सोन्याच्या पेटीत घालून दुसरं काही ठेवलं असतं तरी धूळच खाल्ली असती.

सोन्यावरून आठवलं. एका मालकाला मी सांगत होतो की तुमच्याकडं एकच कॉम्प्युटर आहे, टॅलीची सिल्व्हर आवृत्ती पुरे. गोल्ड अनेक कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांसाठी आणि तिप्पट महाग. ते म्हणाले, “दसऱ्याला चांदी कामून घ्यायची?” शेवटी मुनीमानंच त्यांना आवरलं. आवृत्तीला नाव काय द्यायचं हेही पॅकेजिंगच, आणि ते पुठ्ठ्यापेक्षा भारी पडतं.

लग्नपत्रिका छापणारे डीटीपीवाले अजून वेगळे. श्री-लिपी हे मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर घेतलं की सोबत कॉम्प्युटरला लावायचं डोंगल यायचं. ते नसलं तर सॉफ्टवेअर चालायचं नाही. डबा कुठं गेला कुणाला पत्ता नसायचा, पण डोंगल रात्री गल्ल्यात कुलपाखाली. पैसे ज्या वस्तूसाठी दिले ती त्यांच्या लेखी तेवढीच होती.

तुमचं गिऱ्हाईक यात कुठं बसतं? कृषी सेवा केंद्राचा मालक दिवसभर पाकिटंच विकतो. पिशवीवर शेंगांनी लगडलेलं झाड छापलं म्हणून शेतात तसं येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? तो पिशवी उलटी करून टॅग बघतो. निळा टॅग म्हणजे प्रमाणित, हिरवा म्हणजे सत्यप्रत, कंपनीनं स्वतःच्या जबाबदारीवर विकलेलं. लॉट नंबर, मुदत, उगवण. सोयाबीनला निदान ७० टक्के. तुमच्या डब्याचीही तो मागची बाजू आधी वाचेल. तेव्हा पुढं हसरा शेतकरी छापायचा खर्च वाचवा. मागं मराठीत, मोठ्या अक्षरात हे लिहा: किती कॉम्प्युटरवर चालेल, इंटरनेट गेलं तर बिल निघेल का, दुसऱ्या वर्षी किती पैसे लागतील, नाही भरले तर जुनी बिलं दिसतील की नाही. बियाण्याला जीएसटी नाही, रासायनिक खताला ५ टक्के, कीटकनाशकाला १८. तिन्ही एकाच बिलावर नीट येतात आणि लॉट नंबरसकट येतात, एवढं एक वाक्य असलं तरी तो डबा खाली ठेवणार नाही. दुसऱ्या वर्षाचे पैसे मात्र लपवू नका. ते बारीक अक्षरात टाकलेल्या एका कंपनीचे डबे लोकांनी माझ्याच टेबलावर आणून आपटले होते.

डबा साधा ठेवा. विंडोज व्हिस्टाच्या वेळी, २००७ मध्ये, मायक्रोसॉफ्टनं गोल कोपऱ्याचा प्लॅस्टिकचा देखणा डबा काढला होता. तो उघडायचा कुठून हेच लोकांना कळेना, म्हणून कंपनीला उघडायची रीत वेबसाइटवर लिहावी लागली. आत सीडीही घालू नका, आताच्या लॅपटॉपला ती घालायला जागाच नसते. कीचं कार्ड, दोन पानी माहितीपत्रक आणि बिल ठेवायला एक प्लॅस्टिकचं पाकीट पुरे.

योजनाही एकच ठेवा, फार तर दोन. पाच केल्या तर तो “विचार करून सांगतो” म्हणेल, आणि मग विचार काही करणार नाही.

विकायला एप्रिल-मेमध्ये फिरा. मृग लागला की त्या दुकानात पाणी प्यायला सवड नसते. आणि डब्यावर फोन नंबर एवढा मोठा छापा की चष्म्याशिवाय वाचता यावा. जूनमध्ये काउंटरवर वीस माणसं उभी असताना बिल अडकलं की कुठल्यातरी खताच्या गोणीमागून तो डबा शोधून काढतील, ते त्या नंबरासाठीच. तेव्हा फोन उचला म्हणजे झालं.