अर्ली डिसिजन: आधी पैशांचं बोला

अमेरिकेतल्या कॉलेजला अर्ली डिसिजनने, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाईन असं वचन देऊन लवकर अर्ज करणार असशील, तर आधी घरी खर्चाचं बोलून घे. हे वचन बांधून घेणारं असतं: तुझी, पालकांची आणि शाळेच्या समुपदेशकाची सही लागते. प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, त्यामुळे दोन कॉलेजांची आर्थिक मदत शेजारी ठेवून बघताच येत नाही. नवखे नेमके इथेच अडकतात.

- कॉलेजची फी (ट्यूशन), राहणं-जेवण, आरोग्यविमा, विमानतिकीट धरून चारही वर्षांची बेरीज मांड.
- मदत हवी असेल तर अर्जासोबतच माग. परदेशी विद्यार्थ्यांना बरीच कॉलेजं नंतर मागू देत नाहीत.
- मुदत बहुधा १ नोव्हेंबर. अर्जातले निबंध ऑक्टोबरवर ढकलू नकोस.

मन दोन कॉलेजांत घुटमळतंय? मग अर्ली ॲक्शन बघ, तोही लवकरचाच अर्ज, पण त्यात बंधन नसतं.