ऑस्टिओपॅथीला अ‍ॅडमिशन घेतोयस तर हे वाच

आधी एक क्लिअर करून घे, ऑस्टिओपॅथी म्हणजे मुळात सांधे, स्नायूंवर हाताने उपचार करायची पद्धत, पण अमेरिकेतला डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) म्हणजे पूर्ण डॉक्टर, औषधं लिहितो, सर्जरीपण करतो, आणि ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ मुख्यतः हाताने ट्रीटमेंट देतो, त्यामुळे प्रॅक्टिस कुठे करायचीये ते ठरवूनच कोर्स निवड. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्यामुळे जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन नसेल तर स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवताच येत नाही, म्हणून डिग्री मान्यताप्राप्त आहे ना हे फी भरायच्या आधीच बघ.

अ‍ॅनाटॉमी पहिल्या वर्षीच पक्की कर रे, नुसतं पाठ करून नाही भागत, वर्गातल्या जाड बारीक सगळ्यांच्या पाठीवर बोटं ठेवून मणके, स्नायू शोधत बसायचं, तेव्हा कुठे हात बसतो. मॅनिप्युलेशनमध्ये, म्हणजे सांध्याला हाताने झटका देताना, कट्कन आवाज आला की सगळे खूश होतात पण तो आवाज म्हणजे बरं झाल्याची खूण नाही. त्यापेक्षा रेड फ्लॅग्ज, म्हणजे गंभीर आजाराची धोक्याची लक्षणं, शिक, मनापासून सांगतो. कंबरदुखीसोबत लघवी अडकली किंवा कंट्रोल गेला, मांड्यांच्या मधे बधिर झालं तर कॉडा इक्विना (मणक्याच्या खालच्या टोकाच्या नसांवर दाब) असू शकतो, तिथे ट्रीटमेंट करत बसायचं नाही, ताबडतोब इमर्जन्सीला पाठवायचं. आणि क्लिनिकचे तास अजिबात बुडवू नकोस.