अमेरिकेतल्या लहान मुलांमध्ये लाँग कोविड वंशानुसार कमी-जास्त होतो का?

तुम्ही विचारलंय की एका ठिकाणी वाचलं हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घरांतल्या) आणि काळ्या मुलांना जास्त होतो, दुसरीकडे वाचलं गोऱ्या मुलांना जास्त, मग खरं काय. दोन्हींत तथ्य आहे, कारण दोघांनी वेगवेगळ्या दारात उभं राहून डोकी मोजलीत. एकाने घरी जाऊन विचारलं, दुसऱ्याने डॉक्टरच्या फाइली उघडल्या.

मी डॉक्टर नाहीये हे आधीच सांगते. मी इथे अमेरिकेत अकरा वर्षं मेडिकल कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरने चार्टमध्ये जे लिहिलंय ते वाचून त्याला आजाराचा कोड लावायचा, त्यावर इन्शुरन्सचे पैसे सुटतात, आणि मग वर्ष-दोन वर्षांनी कुणीतरी संशोधक आम्हीच लावलेले ते लाखो कोड गोळा करून त्यावर पेपर लिहितो. त्यामुळे 'डेटा' म्हणून जे काही येतं ना, ते कुठल्या कारखान्यात बनतं ते मी रोज बघते.

आधी घरी विचारलेलं घ्या. नॅशनल हेल्थ इंटरव्ह्यू सर्व्हे म्हणून सरकारी सर्व्हे असतो, त्यात मुलाबद्दल घरातल्या मोठ्या माणसाला विचारतात. 2022 साली त्यात 1.3 टक्के मुलांना कधी ना कधी लाँग कोविड झाला होता असं आलं, आणि 0.5 टक्के मुलांना विचारलं तेव्हाही त्रास चालू होता. व्याख्या साधी, आधी नसलेला आणि कोविडनंतर तीन महिने किंवा जास्त टिकलेला त्रास. यात मुलगे कमी मुली जास्त, टीनएजर्स लहानांपेक्षा जास्त, आणि वंशाचं बघितलं तर हिस्पॅनिक मुलं वरच्या बाजूला.

आता फाइली. लाँग कोविडसाठी वेगळा कोड, यू09.9, हा 1 ऑक्टोबर 2021 ला लागू झाला, म्हणजे साथ सुरू होऊन दीड वर्ष उलटल्यावर. हा कोड लागलेल्या 33,782 पेशंटचा एक अभ्यास 2023 मध्ये आला, मोठी माणसं जास्त पण 21 च्या आतलेही त्यात होते, आणि त्यात चित्र बरोबर उलटं, कोड मिळालेले लोक जास्त करून गोरे, बायका, आणि कमी गरिबी असलेल्या भागात राहणारे. आता विषाणू काही पिनकोड बघून श्रीमंत वस्तीत जास्त मुक्काम करत नाही. कोड मात्र करतो.

कसं ते एका चार्टवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन चार्टचे तपशील एकत्र केलेत. बारा-तेरा वर्षांची मुलगी, घरी स्पॅनिश बोलतात, बरोबर आई. आत घेताना नर्सने दुभाष्याला फोनवर घेऊन लिहिलंय, आई सांगते की जानेवारीत घरात सगळ्यांना कोविड झाला तेव्हापासून ही शाळेतून आली की झोपते, वाचलेलं लक्षात राहत नाही, जिना चढली की छातीत धडधडतं. खाली डॉक्टरच्या नोटमध्ये काय, तर थकवा, झोपेच्या सवयी सुधारा, स्क्रीन कमी करा, गरज वाटली तर परत या. बास. आता आमचा नियम असा की डायग्नोसिस डॉक्टरने स्वतः लिहिलेलं पाहिजे, नर्सच्या नोटवरून किंवा आईच्या बोलण्यावरून आम्हाला कोड लावता येत नाही. म्हणजे माझ्यासमोर स्क्रीनवर वरच्या चार ओळींत आजार स्पष्ट दिसतोय आणि मी लावते आर53.83, इतर थकवा. कुठल्याही लाँग कोविडच्या अभ्यासात ही मुलगी आता सापडणार नाही, आणि सापडली तरी 'कोविड झाला आणि पूर्ण बरी झाली' या रकान्यात सापडेल, जे जास्त वाईट.

त्याच आठवड्यातला दुसरा चार्ट, त्याच वयाचा मुलगा, घरी इंग्लिश, प्रायव्हेट इन्शुरन्स, आईने तारखांसकट लक्षणांची दोन पानी यादी टाइप करून आणलेली आणि वर ठळक अक्षरात लाँग कोविड लिहिलेलं. डॉक्टरने तेच शब्द उचलले, कार्डिओलॉजीला रेफर केलं, यू09.9 लागला. डॉक्टर वाईट होता असं नाही, पंधरा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये जे समोर तयार येतं तेच फाइलमध्ये जातं. उलटही बघितलंय मी, गोऱ्या मुलीला 'अँग्झायटी' म्हणून घरी पाठवलेलं, पण एकुणात कल कुठे आहे ते कळतं.

आणि हे फक्त बोलण्याच्या हातोटीवरही नाही. कोविडच्या खूप आधी, 2010 मध्ये, इलिनॉयच्या कुक काउंटीत, म्हणजे शिकागोचा भाग, काही संशोधकांनी मस्त प्रयोग केला होता. आजारी मुलाची आई असल्याचं भासवून स्पेशालिस्टच्या क्लिनिकला फोन करायचा, महिन्याभराने त्याच क्लिनिकला परत फोन, तेच मूल तोच आजार, फक्त इन्शुरन्स बदलायचा. मेडिकेड (म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स) सांगितलं तर 66 टक्के वेळा अपॉइंटमेंट नाकारली, प्रायव्हेट सांगितलं तर 11 टक्के. जिथे दोन्ही घेतले तिथेही मेडिकेडवाल्या मुलाला सरासरी 22 दिवस जास्त थांबावं लागलं. काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांमध्ये मेडिकेडवर असणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि लाँग कोविडचं निदान बरेचदा एका व्हिजिटचं काम नसतं, आधी बाकीचे आजार नाहीत हे बघायला स्पेशालिस्ट लागतात. मग कोण गाळलं जाणार हे सांगायला मी कशाला पाहिजे.

दुसरी बाजू मुळात लागण कुणाला झाली ही. वॉशिंग्टन डीसीत मार्च-एप्रिल 2020 मध्ये एका ठिकाणी 1000 मुलांची टेस्ट केली होती, त्यात गोऱ्या मुलांपैकी 7.3 टक्के पॉझिटिव्ह, काळ्यांपैकी 30 टक्के आणि हिस्पॅनिक मुलांपैकी 46.4 टक्के. रक्तात काही वेगळं असायची गरजच नाही, आईबाप किराणा दुकानात, मीट प्लँटमध्ये, वृद्धाश्रमात कामाला जात होते, घरातून काम हा पर्यायच नव्हता, आणि घरात आजारी माणसाला वेगळी खोली कुठून देणार. त्याच वर्षी जुलै अखेरपर्यंत सीडीसीने (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था) 21 वर्षांखालच्या 121 मृत्यूंचा हिशोब दिला त्यात 45 टक्के हिस्पॅनिक, 29 टक्के काळी आणि 4 टक्के मूळ अमेरिकन, म्हणजे चारातले तीन या गटांतले, जे त्या वयाच्या लोकसंख्येत 41 टक्केच आहेत. लागणच जास्त तर पुढे रेंगाळणारा त्रासही जास्त, हे उघड गणित आहे.

एक गल्लत खूप लोक करतात म्हणून सांगते, एमआयएस-सी नावाचा प्रकार वेगळा. त्यात कोविडनंतर दोन ते सहा आठवड्यांनी एकदम ताप, अंगभर सूज, हृदयावर परिणाम, बरेचदा मूल थेट आयसीयूत. त्यात निम्म्याहून जास्त केसेस काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांच्या होत्या, आणि ते आकडे कुणी दडवू शकत नाही कारण आयसीयूतलं मूल कुणाच्या नजरेतून सुटत नाही. लाँग कोविडचं मूल मात्र आपल्या पायाने चालत येतं, दिसायला ठीकठाक. म्हणून मला वाटतं एमआयएस-सी मधला फरक खऱ्याच्या जास्त जवळ आहे आणि लाँग कोविडच्या फाइलींमधला फरक म्हणजे आमच्या कारखान्याचा माल.

मग जीन्स? वंश म्हणून जो रकाना आम्ही वापरतो तो रजिस्ट्रेशनच्या काउंटरवर भरला जातो, कधी पालक सांगतात, कधी क्लार्क चेहरा बघून टिक करते (नसावं, पण होतं). आपलंच घ्या, 'एशियन' या एका चौकोनात भारतीय, चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी सगळे, आता त्यातून कुठली जीन शोधणार. रंगाचा थेट संबंध मला एका ठिकाणी पटतो, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. 2020 डिसेंबरचा मोठ्यांवरचा अभ्यास आहे, यंत्र ऑक्सिजन ठीक दाखवत असताना रक्तात तो खरं तर कमी, असं काळ्या पेशंटमध्ये 11.7 टक्के वेळा आणि गोऱ्यांमध्ये 3.6 टक्के वेळा. पण तो यंत्राचा दोष झाला, शरीराचा नाही.

यातून थोडं बाहेर पडायचा प्रयत्न रिकव्हर या सरकारी प्रकल्पाने केलाय. ऑगस्ट 2024 च्या त्यांच्या पेपरमध्ये 5367 मुलं होती आणि लागण झालेली व न झालेली अशी दोघांची लक्षणं विचारून तुलना केली, डॉक्टरने काय कोड दिला ते नाही. त्यांच्या हिशोबाने लागण झालेल्यांपैकी 6 ते 11 वयातली 20 टक्के आणि 12 ते 17 मधली 14 टक्के लाँग कोविड असण्याच्या शक्यतेत बसली. हा सगळ्या मुलांचा दर समजू नका, भाग घ्यायला आलेल्यांमधला आहे. लहानांमध्ये डोकेदुखी, पोटदुखी, झोप, लक्ष न लागणं जास्त आणि टीनएजर्समध्ये दिवसा थकवा, अंगदुखी, वास-चव बदलणं.

घरात असं मूल असेल तर माझा सल्ला कोडरचा. लक्षणं तारखेसकट लिहून न्या, आणि 'हे कोविडनंतर सुरू झालंय असं नोटमध्ये लिहाल का' असं डॉक्टरला सरळ विचारा, लाजू नका. धडधड होत असेल तर आडवं झोपवून आणि मग दहा मिनिटं उभं करून पल्स मोजायला सांगा, टीनएजरमध्ये 40 किंवा जास्त ठोके वाढून तसेच राहिले तर पॉट्सचा (उभं राहिलं की हृदयाचे ठोके खूप वाढतात तो विकार) विचार करतात. आणि शाळेला सांगा, 2021 च्या जुलैपासून शिक्षण खात्याने स्पष्ट केलंय की लाँग कोविड अपंगत्वात धरता येतो, 504 प्लॅन मागता येतो, म्हणजे मध्ये विश्रांती, पीटीतून सूट, परीक्षेला जास्त वेळ. पण त्यासाठी शाळा कागद मागते आणि कागदावर आर53.83 असेल तर ते पाच मिनिटांत नाही म्हणतात.

त्या पहिल्या चार्टचं विचाराल तर मी डॉक्टरला क्वेरी टाकली होती. क्वेरीतही आम्हाला उत्तर सुचवायची परवानगी नसते, फक्त 'नर्सच्या नोटमध्ये कोविडचा उल्लेख आहे, थकव्याचं कारण स्पष्ट करता येईल का' एवढंच विचारता येतं. नऊ दिवसांनी उत्तर आलं, कारण ठरवता येत नाही. मी चार्ट क्लोज केला.