टोकबोकी तिथेच खा, पाव घरी भाजा

मागच्या अंकात कोरियन जेवणाचा ओझरता उल्लेख झाला आणि त्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. फिरून फिरून प्रश्न दोनच: बाहेर गेलो तर काय मागवावं, आणि घरी काय करून बघावं? माझं मत आधीच सांगून टाकते. तांदळाच्या नळ्या, दोनदा तळलेलं चिकन, उकळत्या भांड्यातला रस्सा हे हॉटेलातच खावं, समोर आल्या आल्या. मुरवायचं आणि भाजायचं मात्र घरी उत्तम होतं, कारण त्याला मोठी आच लागत नाही, लक्ष आणि वेळ लागतो.

ताई, मुलगी अकरावीत आहे. मैत्रिणींसोबत एका छोट्या कोरियन हॉटेलात जाऊन राहिली आणि आता "आई, तू पण चल ना" म्हणते. आम्ही शाकाहारी, घरात अंडंही येत नाही. तिचं मन मोडवत नाही, पण तिथे माझ्याजोगं काय असेल?
— एक आई, मनीषनगर

जाच तुम्ही. अकरावीतली मुलगी स्वतःच्या अड्ड्यावर आईला बोलावते, यापेक्षा मोठा मान नाही.

तिथे गेल्यावर "व्हेज आहे का?" एवढ्यावर थांबू नका. "रस्सा कशात केलाय?" असं विचारा. टोकबोकी म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चिवट नळ्या, लाल तिखट रश्शात शिजवलेल्या. नळ्या शाकाहारीच असतात. पण कोरियात तो रस्सा बहुधा सुकवलेल्या बारीक मासळीच्या आणि केल्प या समुद्री शेवाळाच्या पाण्यात करतात, आणि त्यात ज्या चपट्या तपकिरी पट्ट्या तरंगतात त्या ओमुकच्या, म्हणजे मासळीच्या. किमचीचं, म्हणजे मुरवलेल्या तिखट कोबीचं, तसंच. वरून नुसती कोबी दिसते, पण पारंपरिक किमचीत मुरवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो. गोचुजांग ही जी लाल, दाट मिरचीची चटणी, ती मात्र मुळात मिरची, तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन, जवाचं माल्ट आणि मीठ यांची. पाकिटातल्या नूडल्स असतील तर पाकीटच मागून घ्या. हिरवा ठिपका असेल तर निर्धास्त खा, चौकोनात तपकिरी त्रिकोण असेल तर ठेवून द्या. हे विचारण्यात संकोच कसला? आपण लग्नाच्या पंगतीतही भाजीत काय आहे ते विचारतोच.

मागवायचं म्हणाल तर मासळीविना केलेली टोकबोकी एक. अंडं आणि हॅम वगळून किंबाप एक, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पातळ कागदात भात, गाजर, पालक आणि पिवळा आंबट मुळा गुंडाळून कापलेल्या चकत्या. भाताला तिळाचं तेल लावलेलं असतं, त्याचा वास तुम्हाला आवडेल. बिबिंबापही, म्हणजे वर भाज्या रचलेला, कालवून खायचा भात, चालेल, फक्त वरचं अंडं आणि मांस काढायला सांगा. आणि कुठे बिंदेत्तोक दिसलं तर ते सोडू नका. मूग भिजवायचे, वाटायचे आणि जाडसर तव्यावर घालायचे. आपल्या मुगाच्या धिरड्याचं हे कोरियातलं सख्खं भावंड. तिकडे त्यात डुकराचं मांस घालायची पद्धत आहे, तेव्हा इथेही प्रश्न विचारायचाच.

सोबत छोट्या वाट्यांतून लोणची-भाज्या येतील, त्यांना बान्चान म्हणतात. त्या एकट्याच्या नसतात, मधोमध ठेवून सगळ्यांनी खायच्या. चॉपस्टिक जमत नसतील तर बिनधास्त चमचा घ्या. भात आणि रस्सा कोरियन माणूसही चमच्यानेच खातो.

एक कळकळीची विनंती. टोकबोकी टेबलावर आली की लेकीला एकच फोटो काढू द्या. रश्शाचे बुडबुडे फुटत असतात तेव्हा ती नळी दातांखाली आधी मऊ लागते, मग हलकेच ताणून सुटते. तेवढ्यासाठीच तर आपण गेलेलो असतो. पंधरा-वीस मिनिटं गेली की रश्शावर साय धरते, तांदळाचा स्टार्च आवळायला लागतो आणि नळी जड होते. फ्रीजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी कडक. म्हणून ही पार्सल आणू नये, घरपोच तर मागवूच नये.

(कांदा-लसूण न खाणाऱ्या वाचकांनीही विचारलं आहे. कोरियातल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य असतो, मांस-मासळीही. म्हणजे त्या वळणाचं जेवण त्यांच्याकडे आहे. साध्या हॉटेलात मात्र ते मिळेल अशी आशा ठेवू नका, तिथे लसणाशिवाय पान हलत नाही.)

नातवाने हट्टाने नेलं. मी सावजी खाणारा माणूस, तिखटाला भीत नाही. पण हे तिखट गोड का लागतं? आणि तांदूळ खाणाऱ्या देशात नूडल्स, मैदा यांचं एवढं प्रस्थ कसं?
— सेवानिवृत्त शिक्षक, लक्ष्मीनगर

काका, गोडी दोन ठिकाणांहून येते. गोचुजांगमध्ये जवाचं माल्ट असतं, ते तांदळाच्या स्टार्चची साखर करतं. मग मातीच्या मोठ्या रांजणांत ती चटणी महिनोन् महिने मुरते, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या गोचुजांगची गोडी खोल असते, जिभेवर मागाहून येते. दुसरी गोडी हॉटेलवाल्याच्या हातची, साखर किंवा कॉर्न सिरपची. तुम्हाला खटकली ती बहुतेक ही दुसरी. पुढच्या वेळी टोकबोकी नातवाला घेऊ द्या आणि तुम्ही किमची-जिगे मागवा, मुरलेल्या किमचीचा आंबट-तिखट रस्सा, सोबत पांढरा भात. आंबवलेल्या सोयाबीनचं दोएनजांग-जिगे त्याहून सौम्य आणि खारट. सावजीतला खडा मसाला यात शोधू नका. कोरियन रश्शात मिरची, लसूण आणि आंबवण हेच सगळं काम करतात.

मिरची तिकडची मूळची नाही, आपलीही नाही. दोन्हीकडे ती अमेरिका खंडातून आली. कोरियात तिचा शिरकाव साधारण सोळाव्या शतकाच्या अखेरीचा मानतात.

मैद्याची गोष्ट तुम्हाला लगेच पटेल, कारण तुम्ही रेशनवरचा अमेरिकन लाल गहू पाहिला असेल. कोरियन युद्धानंतर तिकडेही मदतीचा अमेरिकन गहू आला. तांदळाची टंचाई होती, म्हणून 1960 आणि 70 च्या दशकांत तिथल्या सरकारने पीठ खा, मिश्र धान्य खा असा जोरदार प्रचार केला. शाळेत मुलांचे डबे उघडून भातात दुसरं धान्य मिसळलंय की नाही ते बघत. तिथलं पहिलं पाकीटबंद झटपट रामेन 1963 चं. शाळेबाहेरच्या, बाजारातल्या स्वस्त खाण्याच्या टपऱ्या याच काळात फोफावल्या. तिथल्या पिठाच्या खाण्याला बुन्सिक म्हणतात आणि तुमचा नातू तुम्हाला घेऊन गेला ते हॉटेल त्या टपऱ्यांच्याच वंशातलं.

हिंगण्याला नोकरी, भाड्याची खोली, छोटा फ्रीज. किमची घालायची आहे. मे महिन्यात जमेल का?
— एक वाचक, हिंगणा रोड

मे महिन्यात नको. पारा 45 च्या आसपास असताना किमची मुरत नाही, उतते आणि मऊ पडते. डिसेंबरपर्यंत थांबा आणि कोबीऐवजी मुळ्याची घाला. त्याला काक्दुगी म्हणतात, आणि आपल्याकडचा थंडीतला मुळा त्यासाठी फार गुणाचा. किलोभर मुळ्याचे बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे, त्याला 25 ग्रॅम मीठ. अर्ध्या तासाने सुटलेलं पाणी काढून बाजूला ठेवा, फेकू नका. चमचाभर तांदळाच्या पिठीची पातळ पेज, ठेचलेलं लसूण-आलं, पातीचा कांदा, मिरची घाला आणि कालवा. बरणी दाबून भरा, वर चार बोटं जागा ठेवा, तुकडे उघडे पडले तर तेच पाणी घाला. एक-दोन दिवस बाहेर, मग फ्रीजमध्ये.

मिरचीबद्दल विशेष. आपली भिवापुरी मिरची मला प्राणप्रिय आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण कोरियन मिरची रंगाने लालभडक आणि तिखटपणात मवाळ असते, म्हणून ती मूठभर घालता येते. भिवापुरी तेवढी घातलीत तर खाववणार नाही. बिया काढलेली ब्याडगी जाडसर कुटून चार मोठे चमचे घ्या आणि त्यात चवीला अर्धा छोटा चमचा भिवापुरी.

ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) केक-बिस्किटं पुष्कळ झाली, आता खारं भाजायचं आहे. कोरियन कॅफेतला सहा पाकळ्यांचा लसणी पाव खाल्ला, दिसायला सुरेख, पण गोड! तोच खारा करता येईल का? शिवाय उन्हाळ्यात माझ्या पावाला आंबूस वास येतो.
— शिक्षिका, त्रिमूर्तीनगर

येईल, आणि माझ्या मते तो खाराच जास्त चांगला लागतो. मूळ पाव गांगनुंग या समुद्रकाठच्या शहरातून पुढे आला. त्यात क्रीम चीजमध्ये साखर असते आणि लसणाच्या लोण्यातही गोडवा असतो. आपण दोन्हीकडची साखर काढू.

आधी आंबूस वासाचं. उन्हाळ्यात स्वयंपाकघरच इतकं तापलेलं असतं की पीठ पाऊण तासातच फुगतं, आणि आपण मात्र पुस्तकात लिहिलंय म्हणून दीड तास झाकून बसतो. दूध फ्रीजमधलं थंड घ्या. घड्याळ बघू नका, पिठात बोट खुपसून बघा. खळगा हळूहळू अर्धा भरला की पीठ तयार. झटकन भरून आला तर अजून वेळ आहे, भरलाच नाही तर वेळ टळून गेली.

300 ग्रॅम मैदा, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 6 ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा साखर (ती यीस्टसाठी आणि रंगासाठी, चवीला जाणवत नाही), सुमारे 190 मिली दूध. मळायला लागल्यावर पाच मिनिटांनी 30 ग्रॅम मऊ लोणी घाला. आधी सगळं हाताला चिकटेल, घाबरून मैदा वाढवू नका. दहा-बारा मिनिटं मळलं की पीठ आपोआप ओट्यापासून सुटतं. कच्चा लसूण मात्र पिठात मळू नका, त्याने यीस्ट मंदावतं आणि पीठ सैल पडतं. लसणाची जागा वरच्या लोण्यात.

फुगल्यावर सहा गोळे करा, पुन्हा फुगू द्या. ओटीजी पंधरा मिनिटं आधी तापवा, दोन्ही कांड्या चालू, ट्रे मधल्या खाचेत, 180 अंशांवर 18 ते 20 मिनिटं. मग पूर्ण गार करा. इथे घाई केली तर सुरी चालवताना पाव चुरगळतो.

सारणाला 200 ग्रॅम चक्का, रात्रभर टांगून अगदी कोरडा केलेला. त्यात किसलेलं चीज मूठभर, मिरपूड, मीठ बेताने आणि एक चमचा कॉर्नफ्लॉवर. कॉर्नफ्लॉवर नसेल तर भट्टीत चक्का फुटतो. 80 ग्रॅम लोणी नुसतं वितळवा, कढवू नका. त्यात दहा-बारा पाकळ्या बारीक चिरलेला लसूण, मूठभर सांबार (कोथिंबीर) आणि दोन चमचे साय फेटून घाला. अंडं चालत असेल तर सायीऐवजी एक अंडं घाला, पण लोणी कोमट झाल्यावरच. पावाला वरून तीन काप द्या, सहा पाकळ्या होतील, तळ मात्र शाबूत ठेवा. पाकळ्यांत सारण भरा, पाव उलटा करून लोण्यात बुडवा, आत झिरपेपर्यंत धरून ठेवा. मग 170 अंशांवर बारा-पंधरा मिनिटं. लसूण सोनेरी झाला की काढा, तपकिरी झाला तर कडवट लागतो. वरून रंग लवकर चढत असेल तर फॉइल झाका.

याच पिठाचा दुसरा प्रकार मला तितकाच आवडतो. मुरलेली किमची घट्ट पिळायची, तव्यावर कोरडी होईपर्यंत परतायची, चीजबरोबर पावात भरायची. पिळण्यात कुचराई नको, पाणी राहिलं तर पावाचा तळ कच्चा राहतो.

ओव्हन नाही. काय करू?
— कॉलेजविद्यार्थिनी, महाल

तवा आहे ना, मग झालं. सोलच्या नामदेमुन बाजारात भाज्या आणि रताळ्याच्या शेवया भरलेलं खारं होत्तोक मिळतं, ते तव्यावरचंच. दोन वाट्या मैदा, पाव वाटी तांदळाची पिठी, यीस्ट, मीठ आणि कोमट पाणी घालून पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवा. फुगलं की तेलाचा हात लावून गोळा घ्या. पत्ताकोबी, गाजर आणि पातीचा कांदा सोया सॉस-मिरपूड घालून परता, गार करा आणि भरा. सांध्याची बाजू खाली ठेवून जरा जास्त तेलात टाका. अर्धं मिनिट थांबून उलटा आणि मग झारीने दाबून चपटं करा. आधीच दाबलं तर सांधा उकलतो आणि सारण तेलात येतं. मंद आचेवर दोन्ही बाजू खरपूस होऊ द्या.